चाळकेवाडीचे सरडे: पवनचक्क्यांखाली जास्त का दिसतात, आणि पावसात जातात कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर निळ्या-नारिंगी गळ्याचे सरडे भरपूर दिसले, पवनचक्क्यांच्या आसपास तर जास्तच. पठाराच्या चक्क्या नसलेल्या भागात त्या मानाने तुरळक. ऑगस्टमध्ये त्याच जागी गेलात तर एकही नाही. मग पवनचक्क्यांचा त्यांना फायदा होतो का, पावसात ते मरतात की दुसरीकडे जातात, आणि पुढच्या उन्हाळ्यात मित्रांसोबत मोजणी करायची तर कशी करायची?

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. तुम्ही मोजलेत ते दिसलेले सरडे, पठारावर असलेले नव्हेत. हा प्राणी वर्षातला बराच काळ दिसू नये अशाच बेताने जगतो आणि काही आठवडे मात्र मुद्दाम दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा करतो. त्यामुळे महिना, दिवसाची वेळ, नर की मादी, गवताची उंची आणि तो सरडा माणसाला किती घाबरतो, यांतलं काहीही बदललं की तुमचा आकडा बदलतो, सरडे तेवढेच असले तरी. हे ध्यानात ठेवून पुढचं वाचा.

आधी ओळख पक्की करू. तुम्ही पाहिलेला सरडा म्हणजे 'सरडा सुपर्बा'. २०१६ मध्ये भारतातल्या फॅन-थ्रोटेड, म्हणजे गळ्याला पंखा असलेल्या, सरड्यांची नव्याने मांडणी झाली, तेव्हा 'सरडा' ही नवी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) करण्यात आली आणि तिच्यात तीन जाती ठेवल्या गेल्या: सुपर्बा, डार्विनी आणि आधीपासून माहीत असलेली डेक्कनेन्सिस. सुपर्बाचं वर्णन ज्या नमुन्यांवरून झालं ते चाळकेवाडीचेच. त्याआधी हे सगळे 'सिटाना' या एकाच खात्यात पडून होते.

बागेतल्या नेहमीच्या सरड्याशी गल्लत होऊ नये म्हणून एक हमखास खूण सांगतो. मागच्या पायाची बोटं मोजा. बागेतल्या सरड्याला पाच असतात, याला चारच. फोटो स्पष्ट असेल तर एवढ्यावर काम होतं. शिवाय बागेतला सरडा झाडा-कुंपणावर चढणारा, हा जमिनीवरचा. दगडापेक्षा उंच कुठे सहसा दिसणार नाही. सुपर्बाच्या नराच्या गळ्याचा पंखा इतका मोठा की मिटलेला असतानाही त्याची घडी पुढच्या पायांच्या मागे छातीपर्यंत जाते. त्यात निळा, काळा आणि नारिंगी असे तीन ठळक पट्टे. मादीला असा पंखा नसतो. तिचा रंग मातकट तपकिरी आणि पाठीवर शंकरपाळ्याच्या आकाराच्या गडद नक्ष्यांची रांग. पिल्लंही साधारण मादीसारखीच. म्हणजे 'निळ्या-नारिंगी गळ्याचे सरडे भरपूर दिसले' याचा खरा अर्थ 'भरपूर प्रौढ नर दिसले' एवढाच. निम्मी वस्ती तिथेच तुमच्या नजरेतून निसटली.

आता हे पठार. समुद्रसपाटीपासून साधारण ११०० ते १२०० मीटर उंच, वर जांभ्या खडकाची टोपी, माती वीतभरही नाही अशा मोठ्या जागा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तीन-चार महिने धुकं, वारा आणि साचलेलं पाणी. थंडीत रात्री चांगल्याच गार. आणि मार्च ते मे उघडा खडक इतका तापतो की दुपारी त्यावर हात टेकवत नाही. सरडा स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करत नाही, त्यामुळे त्याचं वेळापत्रक या तापण्या-निवण्यावर चालतं. गंमत अशी की माणसांची झुंबड उडते ती सप्टेंबरमध्ये फुलांसाठी, आणि सरड्यांचा हंगाम असतो तो पठार अगदी करपलेलं, बघण्यासारखं काहीच नाही असं वाटतं तेव्हा.

विणीचा हंगाम म्हणजे साधारण एप्रिल ते जूनची सुरुवात. वळवाच्या सरी कधी येतात, मान्सून किती लवकर किंवा उशिरा येतो, यावर एखाद-दोन आठवडे मागे-पुढे होतात. या काळात नराचं वागणं नीट बघा. आजूबाजूपेक्षा जरा उंच असा दगड तो धरतो. तो उंच म्हणजे तरी किती, बऱ्याचदा वीत-दीड वीतच. पण पठार सपाट असल्याने तेवढी उंची पुरते. पुढचे पाय ताठ करून छाती उचलतो आणि पंखा उघडझाप करायला लागतो. गळ्याखाली जिभेच्या हाडाला जोडलेला कूर्चेचा एक लांब दांडा असतो. तो पुढे फिरला की छत्रीच्या काडीने कापड ताणावं तशी कातडी ताणली जाते. एका दमात अशा बऱ्याच उघडझापा, मग क्षणभर थांबून अंगाची दिशा बदलतो आणि दुसऱ्या बाजूला पुन्हा तेच. यामुळे चारही दिशांना जाहिरात होते.

निळा रंग आणि नारिंगी रंग यांची जात वेगळी आहे, आणि हे फोटो काढणाऱ्यांना उपयोगी पडेल. नारिंगी हा रंगद्रव्याचा, तो कुठूनही बघा, बराचसा सारखाच दिसतो. निळा मात्र त्वचेतल्या पेशींमधल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परतल्याने दिसतो, म्हणून कोन बदलला की तो चमकतो किंवा एकदम विझतो. सूर्य तुमच्या पाठीशी आणि सरडा तुम्हाला आडवा असेल तरच तो निळा खुलतो. समोरून पंखा नुसत्या पात्यासारखा दिसतो आणि लोक म्हणतात, रंग फिका होता. तो फिका नव्हता, तुमची जागा चुकली.

हा सगळा खटाटोप माद्यांसाठी आणि शेजारच्या नरांसाठी. पण उघड्या खडकावर उभं राहून निळा-नारिंगी झेंडा फडकवणं म्हणजे आकाशातल्या शिकाऱ्यालाही आमंत्रण. कापशी, तीसा यांसारखे शिकारी पक्षी याच पठारावर घिरट्या घालतात. प्रत्येक नर दिवसभर हाच हिशेब करत असतो: किती वेळ वर राहायचं आणि कधी दगडाखाली सटकायचं. पवनचक्क्यांचा संबंध इथे येतो.

चाळकेवाडीवर नेमका याच प्रश्नावर अभ्यास झाला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पठार एकच, खडक एकच, एका भागात पवनचक्क्या आणि दुसऱ्या भागात नाहीत, त्यामुळे तुलना करायला जागा उत्तम. चक्क्या नसलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट आढळले आणि जमिनीवरच्या भक्ष्यावर त्यांनी मारलेल्या झेपाही जास्त होत्या. सरड्यांची दाटी मात्र चक्क्यांच्या भागात जास्त निघाली. म्हणजे तुमच्या डोळ्यांनी तुम्हाला फसवलं नाही. तिथे सरडे खरोखरच जास्त आहेत. कारणही सरळ आहे: फिरत्या पात्यांच्या परिसरात पक्षी कमी शिकार करतात, आणि शिकारी कमी म्हणजे सरडे जास्त.

पण तुम्हाला जाणवलेल्या फरकात दुसराही एक वाटा आहे. त्याच अभ्यासात असं दिसलं की चक्क्यांच्या भागातले सरडे चालत येणाऱ्या माणसाला खूपच जवळ येऊ देतात आणि मगच पळतात. पकडल्यावर रक्तात ताणाचं संप्रेरक जे वाढतं, तेही त्यांच्यात कमी वाढतं. धीट सरडा दगडावर बसून राहतो आणि मोजला जातो. भित्रा सरडा तुम्ही लांब असतानाच दगडाखाली जातो आणि तुमच्या वहीत येतच नाही. समजा दोन्ही बाजूंना एका पट्ट्यात प्रत्येकी २० सरडे आहेत. एका बाजूचे तुम्ही तीन-चार पावलांवर येईपर्यंत बसून राहतात, दुसरीकडचे लांबूनच दडतात. तुम्ही एकीकडे १६ लिहाल, दुसरीकडे ६. फरक शून्य असूनही वहीत अडीचपटीहून जास्त. म्हणून नुसत्या दिसण्याच्या आकड्यावरून 'चक्क्यांमुळे इतके पट वाढले' असं म्हणता येत नाही. संख्या आणि भीती ही दोन्ही वेगवेगळी मोजावी लागतात.

मग फायदा होतो का? संख्या वाढली म्हणजे फायदा झाला असं धरलं तर हो. पण चक्क्यांच्या भागातल्या सरड्यांची अंगकाठी कमी भरली, म्हणजे लांबीच्या मानाने वजन कमी, आणि नरांच्या पंख्यांचे रंगही कमी तीव्र निघाले. एकाच खडकावर जास्त तोंडं आली की किडे, मुंग्या, नाकतोडे वाटून खावे लागतात, चांगल्या दगडांवरून भांडणंही वाढतात. वरचा शिकारी बाजूला झाला की त्याचा धक्का असा खालपर्यंत पोचतो. याला माझ्या मते फायदा म्हणणं चुकीचं आहे, आणि 'पवनचक्क्यांनी सरडे संपवले' म्हणणंही तितकंच चुकीचं. तिथलं जगणं बदललं, एवढंच ठामपणे म्हणता येतं.

हा निष्कर्ष जसाच्या तसा दुसऱ्या पठारावर मात्र नेऊ नका. जिथे सरड्यांचे मुख्य शिकारी पक्षी नसून मुंगूस, साप किंवा गावातली मोकाट कुत्री आहेत, तिथे चक्क्या आल्या म्हणून सरडे वाढतीलच असं नाही. उलट चक्क्यांसाठी रस्ते होतात, रस्त्यांवरून गाड्या आणि कुत्री येतात, मग गणित उलटही फिरू शकतं. चराई किती, वणवा कधी लागला, दगड उचलून नेलेत का, यावर बरंच अवलंबून असतं.

आता ऑगस्टचा प्रश्न. ते स्थलांतर करत नाहीत. एवढासा प्राणी घाट उतरून कुठे जाणार? पाऊस आणि धुक्यात ऊन मिळत नाही, अंग तापत नाही, त्यामुळे धावणं आणि अन्न पचवणं दोन्ही अवघड होतं. अशा दिवसांत तो दगडांखाली, फटींत, गवताच्या बुंध्याशी पडून राहतो. मध्येच तासभर ऊन पडलं तर बाहेर येतोही, पण तोवर गवत गुडघ्याएवढं झालेलं असतं आणि नराचा पंखाही हंगाम संपल्यावर फिका पडून आक्रसलेला असतो. तपकिरी सरडा हिरव्या-तपकिरी गवतात तुमच्या बुटाजवळून गेला तरी कळायचा नाही.

काही सरडे मरतात हेही खरं. हा दीर्घायुषी प्राणी नाही. हंगामभर उन्हात उभं राहून, भांडून, कमी खाऊन नर चांगलेच खंगतात आणि पावसाळ्यात त्यांच्यातले बरेच कमी होतात. वस्ती टिकते ती अंड्यांवर. मादी भुसभुशीत, उन्हाची जागा शोधून पुढच्या पायांनी खड्डा करते, अंडी घालून तो बुजवते आणि निघून जाते. राखण वगैरे काही नाही. जांभ्याच्या पठारावर अशी माती सगळीकडे नसते, हे इथे कळीचं आहे. खडकाच्या खोलगटात साठलेली माती, कडेचे उतार, पाणी न साचणाऱ्या थोड्या उंच जागा एवढ्याच तिच्या कामाच्या. फार ओल झाली तर अंडी कुजतात, फार कोरडी राहिली तर सुकतात. अशाच जागांवरून गाडी फिरली की माती दबते, आणि दबलेल्या मातीत मादीला खणताही येत नाही. पठारावर वाटेल तिथे गाडी घालणाऱ्यांना हे नुकसान दिसत नाही, कारण तिथे दिसण्यासारखं काही नसतंच.

दगडांचंही तसंच. सुटा जांभा दगड आपल्याला फुकटचा वाटतो. बांध घालायला, रस्त्याच्या कडेला रचायला, तंबूची दोरी दाबायला उचलला जातो. सरड्याच्या दृष्टीने तोच दगड सकाळी अंग शेकायची जागा, दिवसा मंच, दुपारी सावली आणि संकटात दडायची खोबण. शिवाय त्याखाली विंचू, पाली, बेडूक असा दुसराच संसार असतो. फोटोसाठी दगड उलटा केला आणि परत नीट बसवला नाही तर खालची ओल उडून जाते, फट राहत नाही, आणि ती जागा बराच काळ निकामी होते. दगड उलटू नका, सरडा पाहायला त्याची गरजच नाही.

मोजणीबद्दल आता सविस्तर, कारण इथेच सगळे घसरतात.

आधी परवानगी. पठाराचा काही भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो, तिथे वन विभागाची परवानगी घेतल्याशिवाय काही करू नका. पवनचक्क्यांच्या आवारातही विचारूनच जा. सरडे पकडायचे नाहीत, रंग लावून खुणा करायच्या नाहीत. नुसत्या नजरेच्या मोजणीतून पुरेसं कळतं.

प्रत्येक भागात १०० मीटर लांबीचे सरळ पट्टे आखा, दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर धरा. दोन पट्ट्यांत निदान २०० मीटर अंतर ठेवा, नाहीतर एकाच नराला दोनदा मोजाल. चक्क्यांच्या भागात आठ पट्टे घेतले तर दुसऱ्या भागातही आठच घ्या, आणि गवत, उतार, दगडांची दाटी शक्य तितकी सारखी निवडा. एकीकडे दगडाळ आणि दुसरीकडे गवताळ पट्टा घेतला तर तुम्ही दगड आणि गवत यांची तुलना कराल, चक्क्यांची नाही. रस्त्याच्या कडेचे पट्टे टाळा. चालायला सोपे म्हणून सगळे तेच निवडतात.

वेळ सकाळी साधारण आठ ते अकरा. खडक कोवळा तापलेला असतो, नर वर आलेले असतात. बारानंतर खडक पोळायला लागतो आणि तेच सरडे सावलीत जातात. चार-साडेचारनंतर पुन्हा थोडी हालचाल होते, पण पठारावरचा दुपारचा वारा फार असतो आणि जोराच्या वाऱ्यात नर पंखा कमी उघडतात. रोज एकच भाग सकाळी आणि दुसरा दुपारी केलात तर सगळी मेहनत वाया. आज चक्क्यांचा भाग आधी, तर उद्या दुसरा आधी, अशी अदलाबदल करा. ढगाळ दिवस, धुकं किंवा आदल्या रात्री वळीव झाला असेल तर त्या दिवशी मोजणी नको. साधा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर प्रत्येक पट्ट्याच्या सुरुवातीला आणि शेवटी खडकाचं तापमान लिहून ठेवा. आकडे असे का आले, ते नंतर त्यावरून बऱ्याचदा उलगडतं.

चाल एकसारखी, हळू, मध्ये न थांबता. एकाने बघायचं, दुसऱ्याने लिहायचं. दोघांनी बघितलं तर जोडी बदलली की आकडा बदलतो. प्रत्येक सरड्यासाठी एवढं लिहा: नर, मादी की पिल्लू, दगडावर, जमिनीवर की गवतात, चालण्याच्या रेषेपासूनचं आडवं अंतर, आणि तो पळाला असेल तर पळाला तेव्हा तुम्ही किती अंतरावर होता. हे शेवटचं अंतर अंदाजाने लिहू नका. तुम्ही होता तिथे एक खूण टाका, सरडा होता तिथे दुसरी, आणि टेपने मोजा. नुसत्या अंदाजात लोक लांबची अंतरं हमखास कमी धरतात. याच आकड्यावरून कळेल की दोन भागांतला फरक संख्येचा किती आणि भीतीचा किती.

सर्वांत मोठी चूक माद्यांची. पहिल्या दिवशी नवखी जोडी दहा नर आणि एक मादी असं लिहून आणते. पठारावर माद्या खरंच इतक्या कमी नसतात, तुम्ही दगडांचे माथेच बघत असता. नजर रेषेपासून दोन मीटरच्या आतल्या जमिनीवरून, गवताच्या बुंध्यांवरून फिरवा आणि लांबचे दगड दुर्बिणीने नंतर बघा. आठ पट मोठं दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. नर-मादी प्रमाण काढायचा मोह मात्र आवरा, अशा मोजणीतून ते नीट येत नाही.

पक्षीही मोजा, नाहीतर अर्धीच गोष्ट हातात येईल. प्रत्येक भागात एक मोकळी जागा निवडून सकाळी अर्धा तास बसा, दिसलेले शिकारी पक्षी आणि त्यांनी जमिनीकडे मारलेल्या झेपा लिहा. तोच कापशी परत परत दिसला तर एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तोच आकडा धरा.

ऑगस्टमध्ये निराश झालात, तर पाऊस ओसरल्यावर, ऊन पडायला लागलं की पुन्हा एक फेरी मारा. गवत पिवळं पडत असतं, नर साधे दिसतात, पण त्या वर्षीची पिल्लं फिरायला लागलेली असतात. बोटाच्या पेराएवढ्या धडाची, मादीसारख्या नक्षीची. तीच पुढच्या एप्रिलमध्ये दगडावर चढून पंखा उघडतील. फुलं बघायला आलेल्या गर्दीचे पाय आणि गाड्याही तेव्हाच पठारावर असतात, म्हणून खडकावरून चालताना मळलेली वाट सोडू नका.